बीटा सोडियम इट्रियम फ्लोराइडचे अपकन्व्हर्जन नॅनोकण: आकारमान आणि घडण हातात कशी ठेवायची?

अवरक्त

या धाग्यात एकाच पदार्थाबद्दल बोलू: इटर्बियम आणि एर्बियम मिसळलेलं षट्कोनी, म्हणजे बीटा रूपातलं सोडियम इट्रियम फ्लोराइड. इटर्बियम ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश शोषतो आणि ती ऊर्जा दोन टप्प्यांत एर्बियमला देतो. मग एर्बियम ५२५ ते ५४० नॅनोमीटरला हिरवा आणि ६५५ च्या आसपास लाल प्रकाश सोडतो. कमी ऊर्जेचा प्रकाश घेऊन जास्त ऊर्जेचा सोडणं, हेच अपकन्व्हर्जन.

क्वांटम डॉटचा, म्हणजे अर्धवाहकाच्या चमकणाऱ्या नॅनोकणाचा, रंग कणाच्या आकारमानावर ठरतो. इथे रंग एर्बियमच्या ऊर्जापातळ्या ठरवतात, त्यामुळे आकारमान थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल असा अनेकांचा समज होतो. तेज मात्र आकारमानाप्रमाणे प्रचंड बदलतं. बॉयर आणि व्हॅन व्हेगल यांनी २०१० मध्ये मोजलेली क्वांटम यील्ड (शोषलेल्या प्रकाशकणांच्या तुलनेत बाहेर पडलेले प्रकाशकण) बघा: साधी भुकटी सुमारे ३ टक्के, १०० नॅनोमीटरचे कण ०.३ टक्के आणि १० नॅनोमीटरचे कण फक्त ०.००५ टक्के. कण लहान झाला की बहुतेक आयन पृष्ठभागाजवळ येतात आणि तिथली ओएच व सीएच बंधांची कंपनं ऊर्जा खाऊन टाकतात. एकाच बॅचमध्ये १२ आणि ३० नॅनोमीटरचे कण एकत्र असले तर तेजाच्या मोजमापाला काही अर्थ राहत नाही.

खालची मांडणी ली आणि झांग यांनी २००८ मध्ये दिलेल्या ओलेइक आम्ल-ऑक्टाडिसीन पद्धतीवर उभी आहे. ट्रायफ्लुओरोअॅसिटेटची पद्धतही चांगले कण देते, पण त्यात क्षार तापून फुटताना विषारी फ्लोरिनयुक्त वायू निघतात. शिकणाऱ्याने तिच्यापासून सुरुवात करू नये.

१ मिलीमोलच्या बॅचसाठी (इट्रियम ७८, इटर्बियम २०, एर्बियम २ टक्के):

इट्रियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट २३६.६ मिग्रॅ
इटर्बियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ७७.५ मिग्रॅ
एर्बियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट ७.६ मिग्रॅ
ओलेइक आम्ल ६ मिली, ऑक्टाडिसीन १५ मिली
सोडियम हायड्रॉक्साइड २.५ मिलीमोल (१०० मिग्रॅ)
अमोनियम फ्लोराइड ४ मिलीमोल (१४८ मिग्रॅ)
मिथेनॉल एकूण १० मिली

७.६ मिग्रॅ एर्बियम थेट तोलू नका, चूक टक्क्यांमध्ये जाते. तिन्ही क्षारांची मिथेनॉलमधली साठवण-द्रावणं करा आणि पिपेटने घ्या. ते मिथेनॉल पुढच्या तापवण्यात उडून जातं.

१०० मिलीचा तीन तोंडांचा फ्लास्क घ्या. ५० मिलीच्या फ्लास्कात फेस वर चढतो. क्षार, ओलेइक आम्ल आणि ऑक्टाडिसीन घालून आर्गॉनच्या हलक्या प्रवाहात १५०-१६० अंशांवर ३० मिनिटं ठेवा. द्रावण पूर्ण पारदर्शक, फिकट पिवळसर व्हायला हवं. तळाशी एकही कण दिसत असेल तर पुढे जाऊ नका. मग ते खोलीच्या तापमानापर्यंत, निदान ४० अंशांच्या खाली येऊ द्या.

आता मिथेनॉलमध्ये विरघळवलेलं सोडियम हायड्रॉक्साइड आणि अमोनियम फ्लोराइड जोरात ढवळत थेंबाथेंबाने घाला. द्रावण लगेच दुधाळ होतं. ५० अंशांवर ३० मिनिटं ढवळा. तापमान ७० पर्यंत नेऊन मिथेनॉल उडू द्या, मग १००-११० अंशांवर व्हॅक्यूम लावून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत ठेवा. व्हॅक्यूम बंद करून तीनदा आर्गॉन भरा आणि मिनिटाला साधारण १० अंश या वेगाने ३०० पर्यंत जा. तिथे ६० ते ९० मिनिटं. नंतर मँटल (फ्लास्क तापवणारं आवरण) काढून हवेतच थंड करा.

माझं ठाम मत असं आहे की कणांचं आकारमान ३०० अंशांवर ठरतं असं वाटतं, पण त्याचा बराचसा निकाल खोलीच्या तापमानाच्या टप्प्यातच लागलेला असतो. सोडियम, फ्लोराइड आणि ओलिएट (ओलेइक आम्लाचं ऋणायन) यांचं प्रमाण तिथे पक्कं होतं. ३०० अंशांवर तुम्ही फक्त वेळ मोजत असता.

एमएस्सी_दुसरं_वर्ष

धन्यवाद, नेमकं हेच हवं होतं. प्रश्न असा की ३०० अंशांवर एक तास ठेवूनही टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) दोन प्रकारचे कण दिसतात, ६-८ नॅनोमीटरचे भरपूर आणि २५-३० चे थोडे. एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात, २८ आणि ४७ अंशांच्या कोनांवर रुंद शिखरं आहेत. तापमान वाढवू का?

मोल_मोजा

तापमानाला हात लावू नका. तुमच्याकडे अल्फाचं बीटात रूपांतर अर्धवट झालंय. २८.२ आणि ४६.९ अंशांची शिखरं अल्फाची, म्हणजे क्यूबिक (घनाकृती) स्फटिकरूपाची आहेत. बीटाची खूण १७.२ अंशांजवळ (१००), ३०.० ला (११०), ३०.८ ला (१०१) आणि ४३.५ ला (२०१); कंसातले आकडे म्हणजे स्फटिकातल्या पातळ्यांची नावं. १७.२ चं शिखर अल्फात नसतंच, त्यामुळे आधी तिथे बघा.

घडतं ते असं. तापताना आधी ५ ते १० नॅनोमीटरचे अल्फा कण तयार होतात. बीटा जास्त स्थिर असतो, पण त्याचं बीज पडायला अडथळा मोठा असतो. थोडी बीटा बीजं पडली की अल्फा कण विरघळू लागतात आणि त्यांचा माल बीटावर चढतो. हे सगळं संपतं त्या क्षणी कण सगळ्यात एकसारखे असतात. त्याआधी थांबलात तर तुमच्यासारखं मिश्रण मिळतं. खूप उशीर केलात तर बीटा कणच एकमेकांना खायला लागतात, मोठे वाढतात, लहान विरघळतात आणि आकारमानांचा पसारा वाढतो.

आता एक तास पुरला का नाही? बहुतेक वेळा कारण एकच: फ्लोराइड कमी पडलं. फ्लोराइड आणि दुर्मिळ मृदा धातूंचं (इथे इट्रियम, इटर्बियम, एर्बियम मिळून) मोलचं प्रमाण बरोबर ४ हवं. ३.६ वर आलं तर रूपांतर फार मंदावतं. अमोनियम फ्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात बाटली उघडी ठेवून तोललं तर तुम्ही १४८ मिग्रॅमध्ये पाणीही तोलत असता.

आणि ते ओव्हनमध्ये वाळवू नका! तापवल्यावर अमोनिया निघून जातो आणि मागे अमोनियम बायफ्लोराइड उरतं. ते जास्त आम्लधर्मी असतं आणि तुमचा मोलचा हिशेबही चुकतो. व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये, प्लॅस्टिकच्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला वाळवा. काचेच्या बाटलीत ठेवू नका, काच खाल्ली जाते.

अवरक्त

मोल_मोजा यांच्याशी सहमत. त्यात भर एवढीच की रूपांतर कुठवर आलंय हे एक्सआरडीची वाट न बघता कळतं. ३०० अंश गाठल्यावर दर १५ मिनिटांनी लांब सुईच्या काचेच्या सिरिंजने ०.२ मिली नमुना काढा, १ मिली सायक्लोहेक्झेनमध्ये घाला आणि ९८० च्या लेसरखाली धरा. अल्फाचा प्रकाश मंद आणि लालसर-पिवळट असतो. बीटा आला की हिरवा एकदम उजळतो. तेजाची ती उडी झाली की आणखी १० ते १५ मिनिटं देऊन थांबा. गरम नमुना थेट सायक्लोहेक्झेनमध्ये टाकू नका, आधी सिरिंजमध्येच मिनिटभर निवू द्या. सायक्लोहेक्झेन ८१ अंशांना उकळतं आणि पेट घेतं.

शुभ्रकाच

उपकरणाच्या बाजूने काही गोष्टी. या कामात रसायनापेक्षा जोडणीच जास्त दगा देते.

थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) द्रवात बुडालेलं हवं, काचेला टेकलेलं नको. २१ मिली द्रव १०० मिलीच्या फ्लास्कात खूप उथळ असतो, त्यामुळे टोक अर्धं बाहेर राहतं आणि कंट्रोलर मँटलला ढकलत राहतो. आकडा ३०० दाखवतो, द्रव ३१५ ला उकळत असतो. ऑक्टाडिसीनचा उत्कलनबिंदू तोच आहे. फ्लास्कात वाफेचे जोरदार गोळे फुटताना दिसले तर आधी थर्मोकपलची जागा तपासा.

मिथेनॉल किंवा पाणी मागे राहिलं तर १५० ते २०० अंशांच्या मध्ये द्रव उसळतो, कधी कंडेन्सरपर्यंत जातो. व्हॅक्यूम लावताना एकदम पूर्ण उघडू नका, फेस पंपात जाईल. पंपाच्या आधी द्रवरूप नायट्रोजनचा किंवा निदान बर्फ-मिठाचा ट्रॅप हवाच, नाहीतर मिथेनॉल पंपाच्या तेलात जाऊन बसतं.

द्रावण १०० अंशांपुढे तपकिरी व्हायला लागलं तर हवा आत येतेय. पारदर्शक फिकट पिवळा ते अंबर चालतो, कॉफीसारखा नाही. सेप्टम (फ्लास्कच्या तोंडाची रबरी बुचं) जुने झाले की ३०० अंशांवर भेगाळतात, प्रत्येक बॅचला नवे लावा. बाहेर जाणारा वायू बबलरमधून हूडमध्येच सोडा. अमोनियाचा वास येतो, तो या क्रियेतूनच निघतो.

मँटलचा वेग मिनिटाला १० अंशांवर टिकतो का ते एकदा नुसत्या ऑक्टाडिसीनवर तपासून घ्या. २५० च्या पुढे बरेच मँटल हळू पडतात. फ्लास्कच्या वरच्या भागाला काचेची लोकर आणि अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळलं की फरक पडतो. दोन बॅचमध्ये हा वेग वेगळा असेल तर आकारमानाची तुलनाच करता येत नाही.

चकती

आता घडणीकडे येऊ, कारण धाग्याचं नाव त्यावर आहे.

बीटा स्फटिक मुळात षट्कोनी खांब असतो. वरखाली दोन (००१) पृष्ठं, बाजूंना सहा (१००) पृष्ठं. कण चकती होणार, गोलसर होणार की कांडी, हे या दोन प्रकारच्या पृष्ठांपैकी कोणतं वेगाने वाढतं त्यावर आहे. तो वेग ठरवतात ओलेइक आम्ल आणि त्याचं ऋणायन ओलिएट. दोघं वेगवेगळ्या पृष्ठांना वेगवेगळ्या ताकदीने चिकटतात. जिथे घट्ट चिकटतात तिथली वाढ अडते. काही परिस्थितीत ओलिएट पृष्ठ कोरूनही काढतं. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइड वाढवताना तुम्ही फक्त सोडियम वाढवत नाही, ओलेइक आम्लाचं ओलिएटही करता. एक बटण फिरवलं की दोन गोष्टी हलतात.

त्यामुळे घडणीचा अभ्यास करायचा तर मालिका नीट आखा. ६ मिली ओलेइक आम्ल म्हणजे ९० टक्के शुद्धतेचं धरलं तर सुमारे १७ मिलीमोल. एका मालिकेत सोडियम हायड्रॉक्साइड स्थिर ठेवून ओलेइक आम्ल ३, ६, १० मिली घ्या आणि द्रवाचं एकूण घनफळ ऑक्टाडिसीनने २१ मिली राखा. दुसऱ्यात ओलेइक आम्ल ६ मिली ठेवून हायड्रॉक्साइड २.५, ३.५, ५ मिलीमोल. दोन्ही एकदम बदललंत तर निष्कर्ष काढता येणार नाही. सोडियम न वाढवता ओलिएट वाढवायचं असेल तर थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरतात.

ओलेइक आम्लाच्या बाटलीचा लॉट नंबर वहीत लिहा. ९० टक्के शुद्धतेच्या बाटलीत उरलेल्या १० टक्क्यांत इतर मेदाम्लं असतात आणि ती प्रत्येक लॉटमध्ये वेगळी. तीच कृती, नवी बाटली आणि गोलसर कणांच्या जागी चकत्या, असं होऊ शकतं.

एमएस्सी_दुसरं_वर्ष

टीईएमच्या एकाच ग्रिडवर (नमुना ठेवायच्या जाळीवर) मला षट्कोनही दिसतात आणि आयतही. म्हणजे चकत्या आणि कांड्या दोन्ही झाल्या असं समजायचं का?

चकती

बहुतेक नाही. तो एकच कण असतो, काही आडवे पडलेले, काही कडेवर उभे. आडवी चकती वरून षट्कोन दिसते, कडेवर उभी राहिली की आयत. ग्रिडवर दाट थर सुकला की चकत्या नाण्यांच्या चळतीसारख्या कडेवर रांगेत उभ्या राहतात आणि सगळं चित्र कांड्यांनी भरल्यासारखं वाटतं.

खात्री करायला दोन मार्ग. एक, ग्रिड ३०-४० अंश कलवून तीच जागा पुन्हा बघा; आयताची रुंदी बदलते. दोन, उच्च विवर्धनात जाळीच्या रेषा मोजा. (१००) रेषांमधलं अंतर सुमारे ०.५२ नॅनोमीटर, (००१) चं ०.३५. आयतात ०.३५ चं अंतर कोणत्या दिशेने मोजलं जातंय ते बघा, तीच खांबाच्या उंचीची दिशा. ती आखूड बाजू असेल तर चकती, लांब असेल तर कांडी.

मोजताना किमान २०० कण घ्या आणि षट्कोनांची रुंदी व आयतांची उंची वेगवेगळी नोंदवा. दोन्ही एकत्र करून सरासरी काढली की पसारा उगाच २० टक्के दिसतो. डीएलएसचा (द्रवातल्या कणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशाने आकारमान मोजण्याच्या पद्धतीचा) आकडा टीईएमच्या जागी देऊ नका. त्यात भोवतालचं आवरण आणि चिकटलेले कणही मोजले जातात.

मोल_मोजा

आकारमान कमी करायचा सगळ्यात भरवशाचा मार्ग अजून कोणी लिहिला नाही: गॅडोलिनियम. २०१० मध्ये नेचरमध्ये आलेल्या कामात दाखवलं गेलं की इट्रियमच्या जागी गॅडोलिनियम घातलं, अगदी ३० टक्क्यांपर्यंत, तर बीटा रूप लवकर येतं आणि कणही लहान होतात. गॅडोलिनियमचं आयन इट्रियमपेक्षा मोठं आहे. मोठ्या आयनांना षट्कोनी रचना मानवते, त्यामुळे बीजं जास्त पडतात आणि प्रत्येक बीजाच्या वाट्याला माल कमी येतो. उलट ल्युटेशियमसारखं लहान आयन वाढवलं की कण मोठे होतात. इटर्बियमही इट्रियमपेक्षा लहान आहे, म्हणून २० वरून ६० टक्क्यांवर नेलंत तर आकारमान तेच राहील असं गृहीत धरू नका. 'इटर्बियम वाढवल्यावर तेज वाढलं' असं म्हणण्याआधी आकारमान बदललं का ते तपासा.

निळा हवा असेल तर एर्बियमऐवजी थुलियम, पण फक्त ०.५ टक्के, इटर्बियम २० ते ३०. थुलियम २ टक्के घातलं तर आयन एकमेकांतच ऊर्जा घालवतात आणि निळा विझतो. ४५० आणि ४७५ ला निळा, ८०० ला अवरक्त. ८०० चा भाग सर्वांत तेजस्वी असतो, पण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बॅच बिघडली असं समजू नका. स्पेक्ट्रम घ्या.

सेंट्रिफ्यूज

धुण्याबद्दल लिहितो, कारण इथे चांगली बॅच बिघडते.

६० अंशांच्या खाली आल्यावर २० मिली इथेनॉल घाला, ५००० आरपीएमला ५-७ मिनिटं फिरवा. गोळा २-३ मिली सायक्लोहेक्झेनमध्ये सोडवा, पुन्हा इथेनॉलने खाली पाडा. एक धुणं इथेनॉल-पाणी १:१ ने करायलाच हवं. नुसत्या इथेनॉलने सोडियम फ्लोराइड निघत नाही, त्यात ते विरघळतच नाही. पाण्यात १०० मिलीला सुमारे ४ ग्रॅम विरघळतं. क्लोराइड क्षार वापरले असतील तर सोडियम क्लोराइडही त्याच पाण्यात जातं. एक्सआरडीत ३८.९ आणि ५६.१ अंशांवर टोकदार शिखरं दिसली तर ती सोडियम फ्लोराइडची, तुमच्या कणांची नव्हेत.

शेवटी सगळं ८-१० मिली सायक्लोहेक्झेनमध्ये घ्या आणि १५०० आरपीएमला ३ मिनिटं फिरवा. खाली बसलेला पांढरा भाग टाकून द्या, वरचा ठेवा. हे द्रावण पारदर्शक असायला हवं. सूर्यप्रकाशात धरल्यावर हलकी निळसर झाक चालते, दुधाळपणा नाही.

उत्पादन मोजा. १ मिलीमोलला पूर्ण २०६ मिग्रॅ यायला हवेत. सुकवून तोलल्यावर २५० मिग्रॅ आले तर आनंद नको, ओलेइक आम्ल किंवा क्षार अजून चिकटलेत. त्याउलट चार-पाच वेळा धुतल्यावर पृष्ठभागावरचं ओलेइक आम्लच निघून जातं आणि कण परत सुटत नाहीत. तीन धुणी पुरेत. साठवताना एक थेंब ओलेइक आम्ल घाला.

टीईएमसाठी मिलीला ०.५ मिग्रॅपेक्षा दाट द्रावण टाकू नका.

थर_चढवा

गाभा झाला की कवच. १० नॅनोमीटरचे उघडे कण अंधुक असतात हे वर आलंच आहे. त्यावर शुद्ध सोडियम इट्रियम फ्लोराइडचा २-३ नॅनोमीटरचा थर चढवला की एर्बियम-इटर्बियम पृष्ठभागापासून दूर जातात आणि तेज कित्येक पट वाढतं.

किती माल लागेल ते अंदाजाने ठरवू नका, घनफळाचा साधा हिशेब आहे. २० नॅनोमीटरचा गाभा, ३ नॅनोमीटरचं कवच, म्हणजे अंतिम व्यास २६. (२६ भागिले २०) चा घन २.२. म्हणजे १ मिलीमोल गाभ्याला कवचासाठी १.२ मिलीमोल इट्रियम. कवच २ नॅनोमीटरचं असेल तर ०.७३ मिलीमोल. गाभा १० चा आणि कवच २ चं असेल तर मात्र १.७४ मिलीमोल! लहान गाभ्याला पातळ थरही किती माल खातो ते इथे दिसतं. गाभ्याचं प्रमाण काढताना धुण्यात गेलेला भाग वजा करा.

कृती वरचीच. फक्त इट्रियम ओलिएट पारदर्शक झाल्यावर ८० अंशांच्या खाली आणून सायक्लोहेक्झेनमधले गाभे त्यात घालायचे, सायक्लोहेक्झेन उडवायचं, मग निववून मिथेनॉलचं द्रावण. पुढे ३०० अंश, एक तास.

काय बिघडतं: कवच चढण्याऐवजी नवेच छोटे कण पडतात. टीईएममध्ये २० चे २० च राहिले आणि सोबत १० चे दिसले तर हेच झालंय. गाभे कमी आहेत किंवा मालाचं प्रमाण फार आहे. जाड कवच हवं असेल तर दोन हप्त्यांत चढवा. दुसरा मार्ग व्हॅन व्हेगलच्या गटाने २०१२ मध्ये दाखवला: आधी छोटे अल्फा कण वेगळे करून ठेवायचे आणि ३०० अंशांवरच्या बीटा गाभ्यांमध्ये ते थोडे थोडे टोचायचे. अल्फा विरघळतात आणि त्यांचा माल गाभ्यांवर जमतो. वर मोल_मोजांनी सांगितलेली तीच क्रिया, फक्त आपण ठरवलेल्या वेळी. कवच एकसारखं येतं.

काठावरची

पाण्यात न्यायचे असतील तर? माझं काम जैविक नमुन्यांवर आहे, सायक्लोहेक्झेन चालत नाही.

थर_चढवा

ताई, सगळ्यात सोपी पद्धत हायड्रोक्लोरिक आम्लाची. ओलिएटवाले कण पीएच ४ च्या पाण्यात २ तास ढवळले की ओलिएटला प्रोटॉन मिळून ओलेइक आम्ल सुटतं. ते डायइथाइल इथरने काढून टाकायचं, कण पाण्यात राहतात. पीएच मध्येच परत ४ ला आणावा लागतो, कारण तो हळूहळू वर जातो. २ च्या खाली मात्र जाऊ नका, कण विरघळायला लागतात आणि फ्लोराइड मोकळं होतं. पुढे पॉलिअॅक्रिलिक आम्ल किंवा इतर आवरण द्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा: फॉस्फेट बफर. फॉस्फेट दुर्मिळ मृदा धातूंना इतकं घट्ट धरतं की उघडे कण त्यात गोळा होतात आणि हळूहळू पृष्ठभागही बदलतो. मिलीला काही मायक्रोग्रॅम इतकं विरळ द्रावण असेल तर साध्या पाण्यातही फ्लोराइड झिरपतं आणि कण झिजतात. आठवड्यापूर्वीच्या विरळ द्रावणाचं तेज कमी आलं तर लेसरला दोष देण्याआधी हे तपासा. फॉस्फोनेट गट असलेली आवरणं यात जास्त टिकतात. आणि ९८० चा प्रकाश पाणी स्वतः शोषतं, त्यामुळे नमुना तापतो. पेशींसाठी निओडिमियम घातलेलं कवच आणि ८०८ नॅनोमीटरचा लेसर हा चांगला मार्ग आहे. तिथे पाण्याचं शोषण बरंच कमी आहे.

शुभ्रकाच

सुरक्षिततेचं अजून कोणी लिहिलं नाही, आणि ते लिहिल्याशिवाय हा धागा नवशिक्यांच्या हाती देऊ नये.

अमोनियम फ्लोराइड आणि आम्ल एकत्र आलं की हायड्रोफ्लोरिक आम्ल. धुण्याचं फ्लोराइडवालं पाणी आम्लाच्या कचऱ्यात ओतू नका. वेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कॅल्शियम क्षार घालून, लेबल लावून ठेवा. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी, मुदत तपासून. ते कपाटात कुलपात ठेवून उपयोग नाही. हायड्रोफ्लोरिक आम्लाची जखम सुरुवातीला बऱ्याचदा दुखत नाही, म्हणूनच ती धोकादायक.

९८० चा एक वॅटचा लेसर डोळ्यांना दिसत नाही आणि पापणी मिटायची प्रतिक्रियाही येत नाही. चष्म्यावर ९८० नॅनोमीटर आणि ऑप्टिकल डेन्सिटी (प्रकाश अडवण्याचं माप) ५ किंवा जास्त असं छापलेलं हवं. हिरव्या लेसरचा चष्मा इथे निरुपयोगी. क्युव्हेटच्या (नमुन्याच्या चौकोनी कुपीच्या) काचेवरून परत येणारा किरण हाच खरा धोका, म्हणून क्युव्हेटच्या मागे आणि बाजूला काळा अडसर लावा. अवरक्तांनी सांगितलेली नमुना तपासणी करताना कुपी हातात धरून लेसरसमोर नेऊ नका, स्टँडवर लावा.

एमएस्सी_दुसरं_वर्ष

अमोनियम फ्लोराइड डेसिकेटरमध्ये ठेवलंय. पुढच्या बॅचला ४.० प्रमाण आणि दर १५ मिनिटांनी नमुना. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्यांचं काय करावं? त्यांचंही वजन हवेत वाढताना दिसतं.

मोल_मोजा

त्याऐवजी सोडियम ओलिएट घ्या, २.५ मिलीमोलला ७६१ मिग्रॅ. ते दुर्मिळ मृदा क्षारांसोबत सुरुवातीलाच फ्लास्कात घालता येतं आणि मिथेनॉलमध्ये फक्त अमोनियम फ्लोराइड उरतं. मात्र आता ओलिएट आणि ओलेइक आम्लाचं प्रमाण आधीपेक्षा थोडं वेगळं असेल, कारण हायड्रॉक्साइडने खर्च होणारं ओलेइक आम्ल इथे तसंच राहतं. चकती यांनी वर जे सांगितलं ते इथे लागू होतं. म्हणून २.५ मिलीमोल ओलेइक आम्ल, म्हणजे सुमारे ०.९ मिली, कमी घ्या आणि तेवढं ऑक्टाडिसीन वाढवा.

अमोनियम फ्लोराइड मिथेनॉलमध्ये लवकर विरघळत नाही. पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत १० मिलीला १४८ मिग्रॅ घेऊन सॉनिकेटरमध्ये १५-२० मिनिटं ठेवा, द्रावण पूर्ण स्वच्छ झाल्यावरच वापरा, आणि रोज ताजं करा. तळाशी उरलेले चार स्फटिक म्हणजे पुन्हा तेच ४ पेक्षा कमी प्रमाण आणि पुन्हा २८ अंशांचं शिखर.